तातडीची मदत: रविवारी मुलांना शेळ्या-गाई दाखवायला सांगलीजवळ कुठे नेऊ?

कृष्णाकाठची (गुरुवार, रात्री १०:४०)
रविवारी मुलांना जनावरं दाखवायला न्यायचं आहे. सांगलीपासून तासाभरावरचं ठिकाण सांगा. शेळ्या, गाई, ससे, कोंबड्या असाव्यात, मुलांना हात लावता यावा, स्वतःच्या हातानं चारा घालता यावा. पिंजऱ्यातले प्राणी नकोत. रिसॉर्ट नको, डीजे नको. एक ठिकाण जवळजवळ ठरवलंय, पण मैत्रीण म्हणाली आधी कुणाला तरी विचार. उद्या संध्याकाळपर्यंत पैसे भरायचे आहेत, म्हणून घाई.

विटेकर (१०:५२)
मुलं केवढी आहेत? एकूण माणसं किती? दुपारचं जेवण तिथंच करायचं का? आणि तासाभरावर म्हणजे एरवीचा तास की आत्ताचा? कारखाने चालू आहेत, उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रस्त्यावर आहेत. परवा आष्ट्याहून सांगलीला यायला मला नेहमीपेक्षा अर्धा तास जास्त लागला. सकाळी आठच्या आत निघा.

हिरवं रान (११:०५)
सागरेश्वरला जा. ताकारीपासून जवळ आहे. माणसांनी झाडं लावून उभं केलेलं अभयारण्य आहे, हरणं दिसतात, खाली जुन्या देवळांचा समूह आहे. जवळच देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. मुलांना एका दिवसात खूप काही बघायला मिळेल.

कृष्णाकाठची (११:११)
सागरेश्वर दोनदा झालंय. हरणांना हात लावता येत नाही आणि लावूही नये. मला गोठा हवा आहे हो.
विटेकर, माझा मुलगा ७ वर्षांचा, भाचे ९ आणि ४ वर्षांचे. मोठी माणसं पाच. ताई पुण्याहून आली आहे, तिची मुलं सोसायटीत वाढलेली, दूध पिशवीतून येतं एवढंच त्यांना माहीत. जेवण मिळालं तर उत्तम.

आटपाडीकर (११:३०)
ताई, पैसे भरून कशाला जाताय? ऊस तुटलेल्या रानात आत्ता धनगरांच्या मेंढ्या बसवलेल्या असतात. कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, तो वाडा दाखवील. शंभर-दीडशे मेंढरं, कोकरं, घोडं, सगळं बघायला मिळतंय. चहा पाजल्याबिगर ती माणसं सोडत न्हाईत. जतकडची माडग्याळ मेंढी दिसली तर पोरांना जरूर दाखवा, उंच अंगाची आणि नाक बाकदार असतंय. असली मेंढी दुसरीकडं बघायला मिळायची न्हाई.

दोन लेकरांची आई (११:४८)
आटपाडीकर दादा, धनगरवाड्यावर राखणीची कुत्री असतात, त्याचं काय? ती लांडग्यावर धावून जाणारी कुत्री आहेत, परक्या मुलानं पळत जाऊन कोकराला मिठी मारली तर त्यांना ते चोरच वाटणार. माझ्या धाकट्याला असंच एका वाड्यावर कुत्र्यानं धरलं होतं. जखम छोटी होती, तरी साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुतली आणि तसंच सरकारी दवाखान्यात नेऊन रेबीजच्या लशी पूर्ण केल्या. ४ वर्षांचं मूल बरोबर असताना मी हा सल्ला अजिबात देणार नाही.

आटपाडीकर (११:५५)
कुत्री मालकाच्या शब्दाबाहेर नसतात. आधी हाक मारायची, मालक पुढं आल्यावरच आत जायचं. चूक कुत्र्याची नसती.

दोन लेकरांची आई (११:५८)
कुत्र्याची चूक आहे असं मी म्हटलेलंच नाही. पण मूल हाक मारून जात नाही, पळत जातं.

गोठा माझा (शुक्रवार, सकाळी ६:२०)
शेळीपालनात उतरायचं असेल तर १० शेळ्या आणि १ बोकड अशीच सुरुवात करा. उस्मानाबादी आपल्या हवेला मानवते. एका शेळीमागे साधारण १० ते १२ चौरस फूट जागा धरा. लसूण घास आणि शेवरी हा चारा आधी लावा, शेळ्या नंतर आणा. बहुतेक जण उलटं करतात आणि उन्हाळ्यात वैरण विकत घेऊन बुडतात. जुळ्या पिल्लांचं गणित समजून घ्यायचं असेल तर फलटणच्या निंबकर संस्थेचं मेंढ्यांवरचं काम वाचा. बंगालकडची गरोळ ही बुटकी जात, तिच्यातला जुळी देणारा जनुक त्यांनी आपल्या दख्खनी मेंढीत आणला. त्या मेंढीला सुवर्णा म्हणतात.

विटेकर (६:४५)
गोठा माझा, माहिती चांगली आहे, पण ताईंना एक दिवस जायचं आहे, धंदा नाही काढायचा.

गोठा माझा (६:५०)
बरं. मग एकच सांगतो. जाल तिथं मुलांच्या हातात बिस्किटं, पाव, भात देऊ नका. माझ्याकडं मागच्या वर्षी पाहुणे आले, पोरांनी लाडानं एका गाभण शेळीला पाचसहा पुडे बिस्किटं आणि उरलेला भात घातला. रात्रीत पोट फुगलं, सकाळी डॉक्टर येईपर्यंत गेली. चाऱ्यावर पोसलेल्या पोटात पिठाचं एकदम एवढं गेलं की आंबतं. पोरांची चूक नव्हती, मी तिथं उभा राहायला हवं होतं. घासाची जुडी द्या, शेवरीचा डहाळा द्या. तळहात सपाट ठेवून चारा धरायला शिकवा. शेळीला वरच्या जबड्यात पुढं दात नसतात, त्यामुळं सपाट हाताला सहसा काही होत नाही. बोटं तोंडात आत गेली तर मात्र मागच्या दाढा चांगल्याच चावतात.

कृष्णाकाठची (७:३०)
हे खरंच कामाचं आहे, धन्यवाद. मी बिस्किटांचे पुडे घ्यायचं यादीत लिहिलं होतं, आत्ता खोडलं.
ठरवलेलं ठिकाण मिरजेच्या पुढे आहे, नाव लिहीत नाही. त्यांच्या जाहिरातीत आहे की या आठवड्यात करडं जन्मली आहेत, मुलांना मांडीवर घेऊन बाटलीनं दूध पाजता येईल. भाची तेव्हापासून झोपेना. कुणी गेलंय का तिकडं?

पशुवैद्य (७:५५)
मी गेलेलो नाही, पण तीन गोष्टी विचारतो. तिथं साबण आणि वाहतं पाणी आहे का? जेवायची जागा गोठ्यापासून वेगळी आहे का? आणि तुमच्याबरोबर कुणी गरोदर आहे का?

कृष्णाकाठची (८:०२)
सॅनिटायझर आम्ही नेणार आहोत. जेवणाचं विचारते. हो, ताईला पाचवा महिना आहे. पण ती करडू उचलणार नाही, डॉक्टरांनी वजन उचलू नको सांगितलंय. ती खाटेवर बसून बघेल. मी मुलांबद्दल विचारलं होतं, ताईचं का विचारताय?

पशुवैद्य (८:२५)
कारण हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि धाग्यात आत्तापर्यंत आलं नव्हतं.
शेळ्या-मेंढ्या गाभडतात, म्हणजे त्यांचा गर्भ पडतो, त्यामागे काही वेळा जंतू असतात. ते व्यायलेल्या जनावराच्या वारेत, गर्भजलात, ओल्या गवतात आणि नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाच्या अंगावर असतात. त्यातले काही माणसालाही होतात, काही तर गोठ्यातल्या धुळीबरोबर श्वासातून जातात. असं घडण्याचं प्रमाण कमी आहे, पण गरोदर बाईला झालं तर बाळ जाण्यापर्यंत वेळ येऊ शकते. शेळी वरून धडधाकट दिसत असली तरी जंतू असू शकतात. म्हणून गरोदर बाईनं विणीच्या दिवसांत शेळ्यामेंढ्यांच्या गोठ्यात जाऊच नये. करडांना खेळवून आलेल्या मुलांचे कपडे आणि चपलाही तिनं धुवू नयेत. खाटेवर बसणं पुरेसं नाही, कारण ती खाट बहुधा गोठ्यालाच लागून असते.
मुलांसाठी: माती-शेण लागलेल्या हातावर सॅनिटायझर नीट काम करत नाही. साबण आणि पाणीच हवं, जनावरांपासून निघाल्यावर आणि खाण्याआधी. पाच वर्षांखालच्या मुलाला जुलाबाचा आजार मोठ्यापेक्षा जास्त त्रास देतो आणि त्या वयात हात सारखा तोंडात जातो. धारोष्ण दूध कुणी प्रेमानं दिलं तरी उकळूनच द्या.

वारणाकाठ (८:४०)
डॉक्टर, घाबरवताय उगाच. माझी आजी नऊ महिने भरेपर्यंत शेण काढत होती, शेळ्या पिळत होती. आठ मुलं झाली तिला.

पशुवैद्य (९:०५)
तुमच्या आजीबद्दल मला आदर आहे. माझीही आजी तसंच करत होती, आणि तिची दोन मुलं पोटातच गेली. कशानं गेली ते कुणी तपासलं नाही, त्या काळी तपासत नव्हते. शेळ्यांमुळेच गेली असं मी म्हणणार नाही. पण जिला रोजची कामं टाळता येत नव्हती तिची गोष्ट वेगळी होती. ताई फिरायला चालल्या आहेत, त्यांना टाळता येतं.

दोन लेकरांची आई (९:१२)
+१. आणि कृष्णाकाठची ताई, हे तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं.

कृष्णाकाठची (९:२०)
मला खरंच वाटलं नाही की त्याचा इथं संबंध आहे. हात थरथरतोय लिहिताना. ती तर म्हणत होती मीही एक करडू कुरवाळते. त्या ठिकाणी फोन करते आत्ता.

हुरडाप्रेमी (१०:१५)
जानेवारीत हुरड्याला पर्याय नाही. गूळ, शेंगदाण्याची चटणी, दही. मुलं जनावरं विसरतील.

कृष्णाकाठची (११:००)
फोन केला. चार शेळ्या या आठवड्यात व्यायल्यात, अजून सहा व्यायच्या आहेत, सगळ्या एकाच शेडमध्ये. जेवणाच्या टेबलांपासून शेड वीस पावलांवर. हात धुवायला पिंप आणि मग. माणूस गोड बोलत होता, पण पैसे भरले नाहीत.
विणीचे दिवस चालू नाहीत असा गाईंचा गोठा कुणाच्या माहितीत आहे का? ताई घरीच राहील म्हणते, पण मुलांना कबूल केलंय.

विटेकर (११:२०)
माझ्या आत्तेभावाचा आहे, भाळवणीच्या पुढं. दोन खिल्लार खोंड, चार गाई, एक रेडकू, गावठी कोंबड्या. शेळी एकही नाही. गाय व्यायची वेळ नाही, विचारून घेतलं. गोठ्याबाहेर नळ आहे. पैसे घेणार नाही, पण मुलांना वैरण तोडायला लावील.

आटपाडीकर (११:२६)
खिल्लार असंल तर पोरांना बैलगाडा शर्यतीचं सांगा. २०१४ ला बंद पडल्या होत्या, २०२३ ला सुप्रीम कोर्टानं शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा मान्य केला. पुसेगावच्या यात्रंला पण घेऊन जावा पुढच्या साली, तिथला जनावरांचा बाजार बघण्यासारखा असतोय.

वारणाकाठ (११:३१)
शर्यतीत बैलाला बॅटरीचा शॉक देणारे पण सांगा की मग.

आटपाडीकर (११:३३)
ते करणारे वेगळे. माझ्या वडलांनी बैलाला कधी चाबूक लावला न्हाई.

विटेकर (११:४०)
शर्यतीचा वेगळा धागा काढा दोघं, कृपया.

कृष्णाकाठची (सोमवार, सकाळी ९:१५)
जाऊन आलो. विटेकर, तुमच्या आत्तेभावानं आणि वहिनींनी घरच्यासारखं केलं. पिठलं-भाकरी, खर्डा, उकळलेलं दूध.
९ वर्षांच्या भाच्यानं विळ्यानं गवत कापलं, दादा शेजारी उभे होते. धाकटी भाची आधी माझ्या पदराआड होती. रेडकानं तिचा तळहात चाटला, खरखरीत जिभेनं, तर दचकून हात मागं घेतला आणि मग स्वतःच परत पुढं केला. नंतर दुपारभर तिथून हलेना. माझा मुलगा खोंडाच्या मागं जाऊन उभा राहिला तेव्हा दादांनी त्याला दंडाला धरून बाजूला घेतलं आणि जनावराच्या नजरेसमोरून कसं जायचं ते दाखवलं. हात चार वेळा धुतले. कपडे मी स्वतः गरम पाण्यात भिजवले, चपला अंगणात आहेत.
ताईसाठी गोठ्याचा व्हिडिओ काढला होता. तिनं रात्री तीनदा पाहिला. तिच्या डॉक्टरांनाही फोन करून सांगितलं, त्यांनी न जाण्याचा निर्णय बरोबर असंच म्हटलं.
पशुवैद्य काका, तुम्ही तो एक प्रश्न विचारला नसता तर आम्ही सगळे त्या शेडमध्ये असतो.

पशुवैद्य (९:४०)
ताईंना बाळंतपणासाठी शुभेच्छा. बाळ मोठं झालं की करडू कुरवाळायला घेऊन या.

नवा_मिरजकर (१०:०२)
धागा पूर्ण वाचला नाही. मिरजेच्या पुढचं ते करडांचं ठिकाण कुठलं? नंबर व्यनि (खासगी निरोप) कराल का? रविवारी बायकोला न्यायचं आहे, सातवा महिना आहे, कंटाळली आहे घरात.

दोन लेकरांची आई (१०:०३)
दादा, आधी शुक्रवारचा ८:२५ चा प्रतिसाद वाचा. आत्ता वाचा.