कापला जाणारा मजकूर आणि देवनागरी

वर्गणीदारांना ईमेलने लेख पाठवणाऱ्या मराठी लेखकांबद्दलच्या या चर्चेत दोन मुद्दे आले: अशी सेवा देणारे सबस्टॅक फार कमिशन घेते, आणि ईमेल उघडणाऱ्यांचा आकडा घसरला म्हणजे मराठी वाचकाला दीर्घ लेखनात रस उरलेला नाही. यातला दुसरा निष्कर्ष घाईचा वाटतो. कमिशनबद्दलची तक्रार रास्तच आहे. सबस्टॅक 10 टक्के कापून घेते आणि वर्गणीचे पैसे वळते करणाऱ्या स्ट्राइप कंपनीचे शुल्क त्याशिवाय द्यावे लागते. पण एका अडचणीचा उल्लेख इथे झालेला नाही. ईमेल साधारण 102 केबीपेक्षा मोठी असेल तर जीमेल ती मध्येच कापते आणि उरलेला मजकूर एका दुव्यामागे ठेवते. यूटीएफ-8 या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत इंग्रजी अक्षराला 1 बाइट पुरतो, तर देवनागरीत अक्षरालाच नव्हे, काना, वेलांटी, अनुस्वार यांनाही प्रत्येकी 3 बाइट लागतात. ‘किंमत’ एवढ्याशा शब्दाचे 15 बाइट होतात. म्हणजे मराठी लेख ती मर्यादा लवकर गाठतो. त्यात एचटीएमएलचा, म्हणजे मांडणीसाठीच्या खुणांचा, पसारा असतोच. शिवाय ईमेल उघडल्याची नोंद करणारे अदृश्य चित्र बहुधा तळाशी असते, त्यामुळे दुव्यापर्यंत न गेलेला वाचक, त्याने वरचा भाग मन लावून वाचला तरी, हिशेबात धरलाच जात नाही.

मी आता लेखाचा पूर्वार्धच ईमेलने पाठवतो आणि उरलेला भाग, तळटीपांसह, संकेतस्थळावर ठेवतो. तेवढ्याने आकडे बरेच सावरले, वर्गणीदार मात्र तेवढेच राहिले.