उन्हाने वाकलेली एलपी (व्हिनाइलची रेकॉर्ड) सपाट कशी करावी? मदत हवी आहे

मंडळी, जळगावचा उन्हाळा आणि पत्र्याखालचा माळा. तिथून आणलेली जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ (1959) कडेला वाकली आहे. पियानो-बासची इतकी हळुवार सुरुवात, आणि नेमकी तिथेच सुई उडते! आतली गाणी स्वच्छ वाजतात. सुईचा भार 1.8 वरून 2 ग्रॅम केला, कार्ट्रिजची (सुई बसवलेल्या भागाची) मर्यादाही तेवढीच, अँटी-स्केटिंग (सुईचा दांडा आत ओढला जाऊ नये म्हणून असलेलं सेटिंग) तपासलं.

दोन जाड काचांमध्ये दाबून ठेवायचा विचार आहे. पण गार दाबाने वाक परत येतो म्हणतात, आणि 60 अंशांच्या आसपास व्हिनाइल मऊ पडून खाचा बिघडायची भीती. तापमान नेमकं किती, किती तास? काचेतच गार होऊ द्यायची ना? भुसावळ-धुळ्याकडे कुणाकडे रेकॉर्ड सपाट करायचं यंत्र आहे का?