अनुभव धागा: मुलांना हॅलिफॅक्स दाखवताना

उन्हाळ्यात बरीच मंडळी मुलांना घेऊन कॅनडातल्या हॅलिफॅक्सला निघतात, म्हणून हा धागा. स्थळांची यादी कुठेही मिळेल. मुलांच्या डोक्यात काय राहिलं आणि काय वाया गेलं, ते लिहा.

सुरुवात माझ्यापासून. लेक तेव्हा सात वर्षांची. पहिल्याच दिवशी सिटाडेल, टेकडीवरचा ताऱ्याच्या आकाराचा किल्ला. तिने रायगड पाहिलेला, त्यामुळे पहिला प्रश्न, "इथे लढाई कधी झाली?" झालीच नाही म्हटल्यावर चेहरा पडला. "मग बांधला कशाला?" "बांधला म्हणूनच झाली नाही," असं बाबाने सांगून पाहिलं, पण तिला काही ते पटलं नाही. मग बारा वाजता तोफ उडाली आणि बाईसाहेब थेट माझ्या कडेवर! नाताळ सोडला तर ही तोफ रोज उडते. पावणेबारालाच जागा धरा, आणि लहानांचे कान आधीच झाका.

खारा वारा

आमचा मुलगा दहाचा. ६ डिसेंबर १९१७ च्या स्फोटाचं किती सांगायचं, यावर आमच्या घरात दोन तट. दारूगोळ्याने भरलेलं माँ-ब्लाँ हे फ्रेंच जहाज आणि इमो हे नॉर्वेचं जहाज बंदराच्या चिंचोळ्या भागात आदळली. माँ-ब्लाँ वीसेक मिनिटं जळत राहिलं, मग फुटलं. सुमारे दोन हजार माणसं गेली. मी फक्त व्हिन्स कोलमनची गोष्ट सांगितली: जीव वाचवायला निघालेला रेल्वेचा तारवाला, येणारी गाडी थांबवायला परत फिरला आणि त्यातच गेला. काचांचं मुद्दाम गाळलं. जळतं जहाज बघायला लोक खिडक्यांशी उभे होते आणि कितीतरी जणांचे डोळे गेले, हे पोराने सागरी संग्रहालयात स्वतःच वाचलं. रात्री हॉटेलात बंदराकडच्या खिडकीचा पडदा लावून पलंगाच्या पलीकडच्या कडेला झोपला.

दुसऱ्या दिवशी आजोबांना फोन लावला. ते १९४४ साली गिरगावात, सहा वर्षांचे. मुंबई गोदीत फोर्ट स्टिकीन हे जहाज फुटलं तेव्हाचा आवाज, धूर, आणि कुणाच्या तरी गॅलरीत येऊन पडलेली सोन्याची वीट, सगळं त्यांनी रंगवून सांगितलं. विटेने भीती पार पळाली. पुढे चिरंजीवांनी शोधून काढलं की फोर्ट स्टिकीन कॅनडातच, प्रिन्स रूपर्टला बांधलेलं. आता हे तो येईल त्या पाहुण्याला सांगतो. तरीही, आठच्या आतल्या मुलांना मी सागरी संग्रहालयात नेणार नाही.

तीन चाकी

तीन वर्षांच्या पोराला कसली संग्रहालयं! बंदराच्या पलीकडच्या डार्टमथची फेरीबोट धरा. १७५२ पासून चालू आहे, तिकीट किरकोळ. आम्ही चार वेळा इकडून तिकडे केलं. धुक्यात काहीही दिसलं नाही, तरी खूश.

पुरणपोळी एक्स्प्रेस

पिअर २१ या संग्रहालयात आजीला बरोबर न्या. १९२८ ते १९७१ या काळात जवळजवळ दहा लाख माणसं या धक्क्यावरून कॅनडात शिरली. नातीने विचारलं, "आजी, तू कुठल्या धक्क्यावर उतरलीस?" आजी म्हणाली, "मी टोरांटोच्या विमानतळावर. आणि माझ्या बॅगेतलं लोणचं फुटलं होतं." पुढचा अर्धा तास संग्रहालय बाजूला आणि लोणचं पुढे. पण त्या दिवसानंतर नात आजीला जुन्या गोष्टी विचारायला लागली.

ओली वाळू

सगळे किल्ला आणि स्फोटावरच थांबलेत. मोठी मुलं असतील तर आफ्रिकव्हिल चुकवू नका. बंदराच्या काठची कृष्णवर्णीयांची वस्ती, शहराने १९६० च्या दशकात पाडली. माफी २०१० मध्ये मागितली. आमची चौदा वर्षांची मुलगी एरवी फोनमधून मान वर काढत नाही. तिथे तिने विचारलं, "माफी मागितली, पण घरं दिली का परत?" आम्ही दोघं गप्प. परतताना तिनेच सांगितलं की इथले मूळ रहिवासी मिगमाक लोक या बंदराला केजिपुक्तूक म्हणतात, म्हणजे मोठं बंदर. गोऱ्यांचं शहर १७४९ चं, नाव त्याहून कितीतरी जुनं.

तीन चाकी

एक राहिलंच. डोनेअर, म्हणजे पिटा ब्रेडमध्ये गुंडाळलेलं मसालेदार मांस. शहराने त्याला अधिकृत खाद्यपदार्थ ठरवलंय. वर कंडेन्स्ड मिल्क आणि लसणाचा गोड सॉस. पोराने हात चाटूनपुसून खाल्लं. मला बासुंदीला लसणाची फोडणी दिल्यासारखं वाटलं.