रग्बी विश्वचषकाचा सर्वांत मोठा खेळाडू कोण : लोमू की मॅकॉ?

दांडियाबाजारकर :
१९८७ पासून पुरुषांचे दहा विश्वचषक झाले. त्यांतला सर्वांत मोठा खेळाडू मी जोना लोमूलाच मानतो, चषक त्याच्या हाती कधीच लागला नाही तरी. १९९५ च्या उपांत्य सामन्यात न्यूझीलंडच्या या वीस वर्षांच्या विंगरने (कडेने धावणाऱ्या खेळाडूने) इंग्लंडवर चार ट्राय केले, म्हणजे चार वेळा चेंडू त्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवला. पहिल्याच ट्रायला माइक कॅट आडवा आला, त्याला तुडवून हा पुढे गेला! दोन स्पर्धांत १५ ट्राय. दक्षिण आफ्रिकेच्या ब्रायन हबानाने २०१५ मध्ये बरोबरी केली, पुढे कोणीच गेलं नाही.

रावपुऱ्याची पकड :
दादा, त्यानंतरचा अंतिम सामना का सोडलात? दक्षिण आफ्रिकेने लोमूला एकही ट्राय करू दिला नाही. जादा वेळेत जोएल स्ट्रान्स्कीचा ड्रॉप गोल (चेंडूचा टप्पा पाडून खांबांमधून मारलेली किक) बसला आणि १५-१२ ने चषक त्यांचा झाला. पुढेही आफ्रिकेविरुद्ध लोमूला कधी ट्राय जमला नाही.

हिंदविजय जिमखान्याने १९२३ मध्ये हुतूतूचे नियम छापले ते आपल्याच बडोद्यात. पकडीची किंमत आपल्याला दुसऱ्या कुणी सांगायला नको. न्यूझीलंडचा कर्णधार रिची मॅकॉ त्या पकडीचा माणूस. टॅकल करायचा (चेंडूवाल्याला धरून पाडायचं), लगेच उठायचं, खाली पडलेल्याच्या हातून चेंडू काढायचा. २०११ मध्ये पायाचं हाड मोडलेलं असताना खेळला, अंतिम सामन्यात फ्रान्सला ८-७ ने हरवलं. २०१५ ला कर्णधार म्हणून पुन्हा चषक. असे लागोपाठ दोन चषक त्याच्याखेरीज एकट्या दक्षिण आफ्रिकेच्या सिया कोलिसीने उचललेत.

अकोट्याची ताई :
आणि किक मारणारे? २००३ चा अंतिम सामना इंग्लंडला जॉनी विल्किन्सनने जादा वेळेच्या शेवटच्या मिनिटात, तोही कमजोर उजव्या पायाने मारलेल्या ड्रॉप गोलवर जिंकून दिला. विश्वचषकात सर्वाधिक २७७ गुण त्याचेच आहेत.

दांडियाबाजारकर :
ताई, विल्किन्सन मोठाच. पण ऑगस्ट १९९५ पर्यंत रग्बी अधिकृतपणे हौशी खेळ होता. तो व्यावसायिक झाला तेव्हा रग्बी न पाहणाऱ्यांनाही एक नाव माहीत होतं, ते लोमूचं. त्याच वर्षाअखेरीस त्याला मूत्रपिंडाचा गंभीर विकार निघाला. तरी १९९९ च्या विश्वचषकात आठ ट्राय! हे बळ मला मॅकॉपेक्षा मोठं वाटतं.

रावपुऱ्याची पकड :
त्या जिद्दीपुढे हात जोडतो. पण प्रश्न विश्वचषकाचा आहे, आणि तो बचावावर जिंकतात. २०२३ चा अंतिम सामना बघा : आफ्रिका १२, न्यूझीलंड ११. ट्राय केला न्यूझीलंडने, आफ्रिकेने एकही नाही. सामनावीर पीटर-स्टेफ ड्यु टॉइट, २८ टॅकल.