परावर्तन आधी की परिभ्रमण आधी?
रूपांतरणांचा क्रम बदलला तरी आकृती शेवटी त्याच जागी येते, हे विधान दोन स्थानांतरणांच्या (आकृती न फिरवता सरळ सरकवण्याच्या) बाबतीत खरे आहे. परावर्तन (रेषेत आरशासारखी प्रतिमा घेणे) आणि परिभ्रमण (एका बिंदूभोवती फिरवणे) एकत्र आले की ते सहसा टिकत नाही. (३, १) हा बिंदू आधी क्ष-अक्षात परावर्तित करून मग आरंभबिंदूभोवती घड्याळाच्या उलट दिशेने ९० अंशांतून फिरवला, तर तो (१, ३) येथे येतो; क्रम उलटा केल्यास (-१, -३) येथे जातो. सातवी-आठवीच्या मुलांना नियम पाठ करायला देण्याआधी हे ट्रेसिंग पेपरवर करू द्यावे, असे मला कळकळीने वाटते, कारण दोन समांतर रेषांतील लागोपाठच्या परावर्तनांतून त्या रेषांमधील अंतराच्या दुपटीइतके स्थानांतरण होते, हे तेथे त्यांना स्वतःलाच सापडते. रेषा छेदणाऱ्या असतील, तर छेदनबिंदूभोवती त्यांच्यातील कोनाच्या दुपटीइतके परिभ्रमण मिळते.