शब्दचर्चा : तरंगलांबी, वारंवारता आणि तीव्रता

प्रश्न : प्रकाशाचा रंग सांगताना काही लेखक तरंगलांबी देतात, तर काही वारंवारता. हे शब्द एकमेकांऐवजी वापरले तर चालतील का?

उत्तर : निर्वात पोकळीपुरते बोलायचे असेल तर चालतील, एरवी नाही. प्रकाश हा विद्युतचुंबकीय तरंग आहे. त्यातील विद्युत क्षेत्र आणि चुंबकीय क्षेत्र परस्परांशी, तसेच तरंगाच्या दिशेशी, काटकोन करून आंदोलत असतात. एका जागी सेकंदाला होणाऱ्या आंदोलनांची संख्या म्हणजे वारंवारता, लगतच्या दोन शिखरांमधील अंतर म्हणजे तरंगलांबी आणि दोहोंचा गुणाकार म्हणजे वेग. निर्वातात हा वेग सेकंदाला 29,97,92,458 मीटर असा ठरलेलाच असल्यामुळे (1983 पासून मीटरची व्याख्याही त्यावरूनच केली जाते) एक राशी कळली की दुसरी आपोआप मिळते.

माध्यम बदलले की हा हिशेब बदलतो. सोडियमच्या दिव्याच्या पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी हवेत सुमारे 589 नॅनोमीटर असते. पाण्याचा अपवर्तनांक (माध्यमातल्या वेगाच्या किती पट निर्वातातला वेग असतो, तो आकडा) 1.33 असल्याने पाण्यात वेग त्या प्रमाणात घटतो आणि तरंगलांबी सुमारे 442 नॅनोमीटरवर येते. हवेत एवढ्या तरंगलांबीचा प्रकाश निळा-जांभळा दिसतो, पण पाण्यात बुडी मारणाऱ्याला तो दिवा पिवळाच दिसतो, कारण सुमारे 509 टेराहर्ट्झ (एक टेराहर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी आंदोलने) ही त्याची वारंवारता पाण्यात शिरतानाही तीच राहते. शिवाय डोळ्याच्या आतील द्रवाचा अपवर्तनांक पाण्याच्या जवळपास असल्यामुळे हवेतून आलेल्या प्रकाशाची तरंगलांबीही दृष्टिपटलापर्यंत पोचताना घटलेलीच असते. तेव्हा ‘लाल म्हणजे 700 नॅनोमीटर’ हे विधान सोयीचे आहे, मात्र त्यात ‘निर्वातात’ हा शब्द अध्याहृत धरावा लागतो.

पुरवणी : तिसरा शब्द ‘तीव्रता’. त्याचा घोळ माझ्या मते अधिक होतो, कारण संगीतात तीव्र मध्यम हा शुद्ध मध्यमापेक्षा उंच, म्हणजेच अधिक वारंवारतेचा स्वर असतो. प्रकाशाची तीव्रता मात्र दर सेकंदाला एकक क्षेत्रफळावर पडणारी ऊर्जा सांगते आणि ती आयामाच्या (आंदोलनाच्या शिखराच्या उंचीच्या) वर्गाच्या प्रमाणात असते. तांबड्या लेझरच्या झोताची तीव्रता कितीही वाढवली, तरी त्याची वारंवारता तेवढीच राहते आणि तो तांबडाच राहतो.