मदत हवी आहे: गायी उशिरा उलटतात, कालवडींना गाभ राहत नाही. वळूतून कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू पसरला असेल का?

नमस्कार मंडळी,

इथे गुरं पाळणारेही आहेत आणि पशुवैद्यकही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आमच्या कळपात नैसर्गिक रेतन चालतं. मागच्या हंगामात बाहेरून एक वळू आणला. सहा वर्षांचा, अंगापिंडाने भरलेला, खाण्यापिण्यात कसलीच खोट नाही, गाय माजावर असली की लगेच उडतो. पण तो आल्यापासून गायी उलटायला लागल्या आहेत. त्याही नेहमीसारख्या २१ दिवसांनी नाहीत. कुणी महिन्याने, कुणी दीड महिन्याने पुन्हा माजावर येते. गाभ धरतो आणि नंतर जिरतो, असाच माझा अंदाज आहे.

कालवडींचं सगळ्यात वाईट आहे, त्यांच्यातली एकही पक्की गाभण ठरलेली नाही. चार-पाच वेतं झालेल्या गायींना मात्र त्रास कमी दिसतो. मध्यंतरी एका गायीने पाचव्या महिन्यात गाभ टाकला आणि तिची वारही अडकली.

ब्रुसेलासाठी (गाभ टाकायला लावणारा दुसरा जंतू) रक्त तपासलं, त्यात काही निघालं नाही. खनिज मिश्रण सुरू आहे, जंताचं औषध झालं. आमच्या डॉक्टरांना कॅम्पिलोबॅक्टरचा संशय आहे, पण त्यासाठी वळू तपासावा लागेल म्हणतात. इतका धडधाकट वळू रोगी कसा असेल, हे घरात कुणालाच पटत नाही. तपासणी नेमकी कशी करतात? औषधाने तो बरा होईल का? आणि ज्या गायींना लागण झाली असेल त्या कायमच्या वांझ राहतात का? या कालवडी मी घरच्या वाढवलेल्या आहेत, त्या विकण्याची कल्पनाही सहन होत नाही. कृपया जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद (पशुवैद्यक सदस्य)

तुम्ही फार नेमकं निरीक्षण केलं आहे, त्याचाच इथे उपयोग होतो. उशिरा उलटणं, कालवडींना जास्त फटका आणि जुन्या गायी बऱ्यापैकी सुरक्षित, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की कॅम्पिलोबॅक्टर फीटसच्या व्हेनेरियालिस या उपप्रजातीचा विचार करावाच लागतो. जुनी मंडळी याला व्हिब्रिओसिस म्हणतात, कारण १९६३ पर्यंत हा जंतू व्हिब्रिओ गटात मोजला जायचा.

वळू धडधाकट दिसतो, कारण त्याला यातून काहीच होत नाही. जंतू त्याच्या शिश्नावरच्या आणि आवरणाच्या आतल्या त्वचेच्या बारीक घड्यांमध्ये राहतो. ताप नाही, सूज नाही, वीर्याची प्रतही बिघडत नाही. वय वाढतं तशा या घड्या खोल होतात, म्हणून चार वर्षांपुढचा वळू एकदा बाधित झाला की बहुधा कायमचा वाहक होतो. तरुण वळूत लागण बऱ्याचदा टिकत नाही. तुमचा वळू सहा वर्षांचा आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं.

गायीत जंतू योनीतून गर्भाशयात चढतो आणि तिथे दाह होतो. फलन होतं, पण गर्भ तग धरत नाही. तो मरायला काही दिवस जातात, म्हणून माज लांबतो. थोड्या गायींत गर्भ टिकतो आणि चौथ्या ते सातव्या महिन्यात पडतो. ब्रुसेलात गाभ टाकण्याचं प्रमाण त्यापुढच्या महिन्यांत जास्त असतं.

आता तपासणी. वळूला आठवडा-दोन आठवडे गायींपासून दूर ठेवायचं आणि मग शिश्नावरणाच्या आतला खरवड किंवा धुवण घ्यायचं. हा जंतू फार नाजूक. हवेतला पूर्ण ऑक्सिजन त्याला सोसत नाही, ५ टक्क्यांच्या आसपास लागतो. नमुना साध्या बाटलीत भरून उन्हातून नेला तर वाटेतच मरतो आणि अहवाल खोटा स्वच्छ येतो. म्हणून प्रयोगशाळेकडून वाहतूक माध्यम (वाटेत जंतू जिवंत ठेवणारं मिश्रण) आधी मागवा, नमुना शक्य तितक्या लवकर पोहोचवा. संवर्धन (नमुन्यातला जंतू वाढवून पाहणं) आणि पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) दोन्ही करून घेतलेलं बरं. एकदा काही निघालं नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. आठवड्याच्या अंतराने तीन वेळा तरी तपासा. त्याच नमुन्यात ट्रायकोमोनासही (वळूतूनच पसरणारा एकपेशीय परजीवी) पाहायला सांगा. त्याची लक्षणं जवळजवळ अशीच असतात, फक्त त्यात गर्भाशयात पू साठलेल्या गायी जास्त सापडतात.

गायींच्या योनीतल्या श्लेष्म्याची समूहन चाचणीही (जंतूविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी) होते. ती एका गायीपेक्षा कळपाचा अंदाज घेण्यासाठी वापरतात, म्हणून उलटलेल्या बऱ्याच गायींचे नमुने घ्या. पुन्हा कुणी गाभ टाकला तर टाकलेलं वासरू आणि वार फेकू नका. वासराच्या पोटातल्या द्रवात हा जंतू बऱ्याचदा सापडतो.

प्रतिसाद

आमच्याकडे मेंढ्या आहेत. शेवटच्या महिन्यात एकामागून एक मेंढ्या गाभडल्या तेव्हा हेच नाव ऐकलं होतं. पण आमचा जंतू त्याच प्रजातीची दुसरी उपप्रजात होती, फीटस फीटस. मेंढ्यांत कॅम्पिलोबॅक्टरच्याच जेजुनी प्रजातीमुळेही गाभ जातो. मेंढ्यांतला हा रोग नराच्या उडण्यातून पसरत नाही, जंतू तोंडावाटे जातो. गाभडलेल्या मेंढीची वार आणि स्राव चाऱ्या-पाण्यात मिसळले की दुसरीला लागण. टाकलेल्या कोकरांच्या यकृतावर फिकट गोल चट्टे होते. दादा, तुम्ही वार उचलताना हातमोजे घाला आणि घरात कुणी गर्भवती असेल तर तिला जवळ येऊ देऊ नका.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. डॉक्टर साहेब, वळूला आजच वेगळं बांधलं. दोन शंका राहिल्या. तपासणीत जंतू सापडला तर प्रतिजैविकाने तो सुटेल का? आणि माझ्या कालवडींचं काय?

प्रतिसाद (पशुवैद्यक सदस्य)

वळूवर स्ट्रेप्टोमायसिनचा उपचार करतात, इंजेक्शन आणि आवरणाच्या आत लावायला औषध, दोन्ही एकत्र. तरुण वळूत यश येतं. तुमच्या वळूच्या वयात खात्री देता येत नाही, आणि बरा झाला तरी बाधित गायीकडून त्याला पुन्हा लागण होऊ शकते. मी तुमच्या जागी असतो तर अहवाल बाधित आल्यावर त्याला प्रजननातून काढला असता. कृपा करून तो दुसऱ्या कळपाला वळू म्हणून देऊ नका. हा रोग असाच गावोगाव फिरतो.

कालवडी विकू नका. गायीची स्वतःची प्रतिकारशक्ती काही महिन्यांत जंतूला गर्भाशयातून हुसकते आणि बहुतेक गायी पुन्हा गाभण राहतात. जुन्या गायी तुम्हाला ठीक दिसतात, त्यामागेही बहुधा आधीच्या लागणीतून आलेली प्रतिकारशक्ती आहे. काहींच्या योनीत मात्र जंतू बराच काळ राहतो, अगदी गाभण असतानाही. म्हणून नवा वळू लगेच आणून सोडू नका, तोही बाधित होईल.

यापुढे सगळ्या गायींना कृत्रिम रेतनच करा. वीर्य मात्र तपासलेल्या वळूंचं आणि प्रतिजैविक मिसळलेलं हवं, कारण गोठवलेल्या वीर्यात हा जंतू द्रव नायट्रोजनमध्येही जिवंत राहतो. माजाच्या तारखा, रेतनाच्या तारखा, उलटल्याच्या तारखा प्रत्येक गायीच्या नावाने लिहून ठेवा. ज्या गायींना गर्भाशयाचा दाह राहून गेला आहे त्यांची तपासणी करून उपचार घ्या. काही देशांत यावर लस वापरतात. तुमच्याकडे मिळते का, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.

धागाकर्ता

समजलं. वाहतूक माध्यमासाठी प्रयोगशाळेशी बोलणं झालं आहे, वळूचा विश्रांतीचा काळ संपला की पहिला नमुना घेणार. तिन्ही अहवाल आले की इथेच लिहितो. तोवर कुणी अशा वळूचा नमुना घेताना हजर राहिलं असेल, तर त्याला खोड्यात कसं बांधलं आणि धुवणासाठी द्रव आत किती वेळ चोळला, ते जरूर सांगा.